घारापुरी : दहा जण, एक जाणती गाईड आणि अख्खा दिवस

पायवाट :

मागच्या रविवारी घारापुरीला जाऊन आले. तशी ही चौथी खेप, पण लेणी नीट बघितली ती याच वेळी, म्हणून धागा काढतेय.

पहिल्यांदा शाळेच्या सहलीत गेले होते, त्यातलं माकडाने डबा पळवला एवढंच आठवतं. दुसऱ्यांदा पाहुणे आले होते म्हणून. तिसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी एका टूरवाल्यांबरोबर, चाळीस-बेचाळीस माणसं, लेण्यात मोजून पंचवीस मिनिटं, गाईड पुढे काय सांगतोय ते मागच्यांना ऐकूच येत नव्हतं, त्रिमूर्तीसमोर सगळ्यांचे ग्रुप फोटो आणि मग चला चला बोट सुटेल. परत येताना फार वाईट वाटलं होतं. घरापासून दोन तासांवर जागतिक वारसा आहे, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि आपण तो असा उरकतो.

या वेळी मैत्रिणीकडून एका छोट्या गटाचं कळलं. दहाच माणसं नेतात, वर एकही घेत नाहीत, आणि नेणारी मुलगी पुरातत्त्व शिकलेली, कोकणातल्या लेण्यांवरच काम करणारी. तिला विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. सकाळी साडेआठला गेटवेला जमलो आणि नऊच्या सुमाराची बोट धरली.

बोटीत तास जातो, तो तास तिने मस्त वापरला. सगळ्यांना लाईफ जॅकेट घालायला लावली, स्वतः घातलं, आणि मांडीवर हाताने काढलेला नकाशा पसरला. बेट म्हणजे दोन टेकड्या आणि मधे खोलगट भाग. पश्चिमेच्या टेकडीवर पाच लेणी, पूर्वेच्या टेकडीवर दोन. वस्त्या तीन, राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. तिन्ही नावांत बंदर आहे हे मी इतक्या वर्षांत कधी लक्षातच घेतलं नव्हतं! मोराबंदरला रोमन मद्यकुंभांची खापरं सापडलीत, अँफोरा म्हणतात ते. म्हणजे मोठं लेणं कोरायला घेतलं त्याच्या कितीतरी शतकं आधी इथे लांबलांबून आलेला माल उतरत होता. एका बाजूला जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, समोर न्हावा-शेवाच्या क्रेन, आणि मधे हे ऐकत होतो, अंगावर काटा आला.

धक्क्यावरून छोटी गाडी असते, आम्ही चालत गेलो. मग त्या १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं. वर पोचलो तेव्हा गर्दी फारशी नव्हती.

आता मुख्य सांगायचं ते हे. उत्तरेच्या दारातून आत शिरलं की समोर अंधारात तो प्रचंड तीन मुखांचा शिव दिसतो आणि आपण सगळे थेट तिकडे चालायला लागतो. तिने आम्हाला तिथेच थांबवलं. म्हणाली दोन मिनिटं काही बघू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. मग समोर न जाता डावीकडे वळवून पूर्वेच्या अंगणात नेलं आणि तिथून मागे वळून बघायला सांगितलं. तिथून खांबांची रांग सरळ शिवलिंगाच्या गाभाऱ्याकडे जाते, त्या गाभाऱ्याला चारी बाजूंनी दारं आहेत आणि प्रत्येक दाराशी दोन-दोन द्वारपाल, बहुतेक फुटलेले, पण केवढे! म्हणजे या लेण्याचे अक्ष दोन आहेत. पूर्व-पश्चिम अक्ष लिंगाचा आणि उत्तर-दक्षिण अक्ष त्या महामूर्तीचा. आधीच्या तिन्ही वेळा मी फक्त दुसरा बघून आले होते, पहिला आहे हेच माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शिल्पपट जोडीने बघायचे. प्रत्येक ओवरीच्या दोन बाजूंना दोन पट आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काहीतरी चालू आहे. उत्तरेच्या दाराशी एकीकडे योगेश्वर, कमळावर बसलेला, हालचाल नाही, आणि दुसरीकडे नटराज, सगळा देह गरगर फिरतोय. पूर्वेला शिव-पार्वती सारीपाट खेळतायत आणि त्याच्या जोडीला रावण खालून कैलास हलवतोय. पश्चिमेला, गाभाऱ्याच्या बाजूला, अंधकासुराचा वध आणि समोर कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचं लग्न. दक्षिणेला महामूर्तीच्या एका हाताला अर्धनारीश्वर, जिथे दोघं एकच झालेत, आणि दुसऱ्या हाताला गंगाधर, जिथे डोक्यावर गंगा उतरतेय आणि पार्वतीची मान किंचित वळलेली आहे. एवढीशी वळलेली, पण ती दिसली की सगळा पट बदलतो.

अंधकवधासमोर आम्ही वीस मिनिटं बसलो होतो, खरंच खाली फरशीवर. कमरेखालचं सगळं गेलंय, हात बरेचसे तुटलेत, तरी तो चेहरा, दात दिसतायत, डोळे बाहेर आलेत, आणि एका हातात वाटी, कारण अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला तर त्यातून नवा असुर उभा राहणार. मागे गजासुराचं कातडं ताणलेलं. ती म्हणाली आता उठा आणि समोरचं लग्न बघा. त्याच शिवाचा चेहरा तिथे इतका मऊ आहे की आमच्यातल्या एक काकू एकदम गप्प झाल्या.

चाळीस माणसांना असं बसवता येत नाही हो. दहांना येतं.

दुपारी गावात जेवलो, मग पूर्वेच्या टेकडीवर गेलो, तिकडे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. त्याचं खाली प्रतिसादात लिहीन, हात दुखले आता.


स्वप्ना_डोंबिवली :

ताई, फार छान लिहिलंय, वाचताना तिथे असल्यासारखं वाटलं. मला आईला न्यायचंय. ६८ वय आहे, गुडघ्यांचा त्रास आहे पण उत्साह भरपूर. १२० पायऱ्या जमतील का? आणि खर्च किती आला? उन्हाचं कसं?


पायवाट :

स्वप्ना, गाईडचे माणशी बाराशे घेतले, बोट, गावातला प्रवासी कर, लेण्यांचं तिकीट आणि जेवण वेगळं. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. बोटीचं भाडं बदलत असतं, आम्ही गेलो तेव्हा अडीचशेच्या थोडं वर होतं येऊन-जाऊन.

आईंसाठी धक्क्यावरून गाडी घ्या, ते अंतर उन्हात नको. पायऱ्या उंच नाहीत पण एकसारख्याही नाहीत. खाली डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून नेतात, दर आधी बोलून घ्या. लाजायचं काही कारण नाही, आमच्याबरोबरच्या एक आजी डोलीतूनच आल्या आणि वर सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. मात्र पूर्वेची टेकडी आईंना नको, तिथे नीट पायवाट नाहीये.

सोमवारी लेणी बंद असतात हे विसरू नका.


कातळ :

उत्तम धागा. एक दुरुस्ती, रागावू नका. त्रिमूर्ती हा शब्द आपल्या तोंडात बसलाय, पण ब्रह्मा-विष्णू-महेश असा याचा काही संबंध नाही. तो सदाशिव आहे. पाच मुखांचा शिव, त्यातली तीन दिसतात, चौथं मागे खडकात मानायचं आणि पाचवं वर. मधलं तत्पुरुष, शांत, हातात महाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ. तुमच्या डाव्या हाताचं अघोर म्हणजे भैरव, मिशा बघा, जटेत कवटी आहे, हातात नाग आहे. उजव्या हाताचं वामदेव, काही जण उमा म्हणतात, केसांच्या बटा, मोत्यांच्या माळा, हातात कमळाची कळी. एकदा ही कवटी आणि ती कळी दिसली की मग त्रिमूर्ती म्हणवत नाही.

उंची साडेपाच मीटरच्या आसपास आहे, आणि फक्त खांद्यांपर्यंतचाच भाग कोरलाय. पूर्ण देह खडकाच्या आतच आहे असं वाटत राहतं.

काळाबद्दल विचारतील म्हणून लिहून ठेवतो. कोरीव लेख आज तिथे नाही. शैलीवरून आणि नाण्यांवरून सहाव्या शतकाचा मध्य धरतात. कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी बेटावर सापडलीत. हलकी, रोजच्या व्यवहारातली नाणी, त्यामुळे कारागिरांच्या मजुरीतली असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे. कलचुरी पाशुपत या शैव पंथाचे होते आणि योगेश्वराच्या त्या पटाला बरेच जण लकुलीश, म्हणजे त्याच पंथाचा आद्य गुरू, म्हणतात, ते याच्याशी जुळतं.


स्वप्ना_डोंबिवली :

कातळ दादा, मला तर तो योगेश्वर फोटोत बुद्धच वाटला होता!


कातळ :

तसं वाटणं स्वाभाविक आहे. खाली कमळ, त्याचा दांडा धरलेले नाग, वर स्थिर बसलेली आकृती, ही सगळी भाषा त्या काळच्या बौद्ध लेण्यांत रुळलेली होती. कारागीर तेच, किंवा त्याच घराण्यांतले. कान्हेरी काही फार लांब नाही. त्यांनी हात बदलला नाही, देव बदलला. आणि जोगेश्वरीचं लेणं अवश्य बघा, ते या लेण्याच्या आधीचं धरतात, घारापुरीच्या आराखड्याची पूर्वतयारी तिथे दिसते. पुढे वेरूळला २९ नंबरचं डुमार लेणं बघितलंत की घारापुरीचा नकाशाच समोर उभा राहतो.


उरणची_मी :

माझं माहेर घारापुरीचं. हा धागा वाचून डोळ्यात पाणी आलं कारण कुणीतरी गावाचं नाव घारापुरी लिहिलं. बोटीच्या पाटीपासून सगळीकडे एलिफंटाच असतं.

पर्यटक सकाळी येतात आणि संध्याकाळच्या बोटीने जातात, मग बेट आमचं असतं. माझ्या लहानपणी संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चालायचा, तेवढ्यात अभ्यास, जेवण, टीव्ही सगळं उरकायचं. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. समोर अख्खी मुंबई रात्रभर लखलखताना दिसायची आणि आमच्याकडे अंधार, ही गोष्ट बाहेरच्यांना सांगून पटायची नाही. वीज आली त्या दिवशी आमच्या आत्याने देवापुढे दिवा लावला आणि मग घरातला बल्ब, त्याच क्रमाने.

एक सांगते. तुम्ही गावात जेवलात हे फार बरं केलंत. मोठ्या टूरवाल्यांची जेवणं ठरलेल्या जागी असतात, पाकिटं बोटीतूनच आणतात, आणि प्लास्टिक आमच्याकडे ठेवून जातात. छोट्या गटाचे लोक घरगुती खाणावळीत बसतात, भाकरी, कालवण, सोलकढी खातात, मावशींशी बोलतात. बेटावर कमाईचं साधन पर्यटक आणि थोडी मासेमारी, बाकी काय आहे? पाण्याचीही ओढच असते, तेव्हा पाणी जपून वापरा.

आणि कृपा करून माकडांना खायला घालू नका. पिशवी हिसकतात म्हणून लोक रागावतात, पण सवय कुणी लावली?


पायवाट :

उरणची_मी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. आम्ही जेवलो तिथल्या मावशींनी शेवटी कोकमाची बाटली बांधून दिली.

आता पूर्वेच्या टेकडीचं. तिला स्तूप टेकडी म्हणतात. खळगी ओलांडून चढायचं. आधी सहा नंबरचं लेणं लागतं, त्याला सीताबाईचं देऊळ म्हणतात, पुढे चार खांबांची ओवरी, आत मोठी खोली, मागे तीन गाभारे. पोर्तुगीजांनी याचा चर्च म्हणून वापर केला होता. पुढे सातवं, तीन खोल्यांचं, खडकातच दोष निघाला म्हणून अर्धवट सोडलं असावं. तिथून पुढे आटलेलं तळं, त्यात मोठमोठे धोंडे, काठाला कोरलेली पाण्याची टाकी, आणि टेकडीच्या उत्तर टोकाला तो विटांचा स्तूप. स्तूप म्हणजे आता गवताने झाकलेला ढीगच आहे, कुणी सांगितलं नाही तर आपण त्याच्यावर पाय ठेवून पुढे जाऊ. तिने सगळ्यांना लांबूनच उभं केलं.

तिथे काही "बघण्यासारखं" नाही असं म्हणणारे म्हणतील. मला मात्र मोठ्या लेण्याइतकीच ती जागा लक्षात राहिली. वाऱ्याशिवाय आवाज नाही, खाली खाडी, लांबवर अटल सेतूची रेघ. पाण्याच्या टाक्यांशी बसून तिने सांगितलं की कुठल्याही लेण्यात आधी पाणी शोधा, माणसं कुठे राहत होती ते पाण्यावरून कळतं.


एकटा_भटक्या :

थोडं वेगळं मत मांडतो. माणशी बाराशे म्हणजे चौघांच्या घराला पाच हजार होतात, बोट वेगळी. सगळ्यांना परवडणारं नाही हे. मी नेहमी एकटा जातो, आधी वाचून जातो, आत फलक आहेत, मला वाटेल तितका वेळ बसतो. गाईड असला की तो दाखवेल तेच आपण बघतो, स्वतःचं बघणं राहून जातं. तुमच्या त्या पार्वतीच्या वळलेल्या मानेचं घ्या, ती स्वतःहून दिसली असती तर जास्त आनंद नसता का झाला?


पायवाट :

पैशांचं म्हणणं पूर्ण मान्य. शाळांना आणि विद्यार्थ्यांना हे परवडेल असं काहीतरी व्हायला हवं.

पण मानेचं नाही पटलं. तीनदा जाऊन मला ती दिसली नव्हती, आणि मी काही डोळे मिटून फिरत नव्हते. आपल्याकडे गाणं ऐकायलाही कुणीतरी शिकवतं ना, ही जागा बघ, इथे सम कशी आली बघ. एकदा कळलं की पुढच्या वेळी आपलं आपण ऐकतो. मी आता पुढच्या महिन्यात एकटीच जाणार आहे.


जुनीवही :

हत्तीबद्दल कुणीच लिहिलं नाही? ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं तो दगडी हत्ती आज बेटावर नाहीच, तो भायखळ्याला आहे!

पोर्तुगीज १५३४ मध्ये आले तेव्हा राजबंदराच्या बाजूला उतरल्यावर मोठा दगडी हत्ती दिसायचा. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले, १९१४ मध्ये जोडून उभा केला, आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुलांना घेऊन जा, सांधे दिसतात. बुधवारी संग्रहालय बंद असतं.

फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातही घारापुरीची शिल्पं आहेत, महिषासुरमर्दिनी आहे, ब्रह्मा आहे. मी नेहमी सांगतो की बेटावर जाऊन आल्यावर आठवडाभरात या दोन्ही जागा करा, म्हणजे बेट पूर्ण होतं.

आणि कातळ यांनी लेखाचं लिहिलंय त्यात भर. शिलालेख होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो लिहितो की एक कोरलेला दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला होता. पुढे त्याचा पत्ता नाही. एका दगडावर कदाचित राजाचं नाव, वर्ष, सगळं असेल, आणि आपण नाण्यांवरून आणि मूर्तींच्या केसांच्या वळणांवरून काळ काढत बसलोय. मला याचा फार त्रास होतो.


कॅमेरा_रोहित :

फोटोसाठी कुठली वेळ बरी? मी दुपारी दोनला गेलेलो, सगळं काळं आलं. ट्रायपॉड चालतो का?


पायवाट :

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते. फ्लॅश वापरूच नका, सगळा उठाव मारला जातो. प्रकाश तीन बाजूंनी येतो, उत्तर, पूर्व आणि पश्चिम. पूर्वेचे पट सकाळी, अंधकवध आणि लग्न दुपारनंतर पश्चिमेचा उजेड आला की. सदाशिव मात्र कायम अर्ध्या अंधारातच आहे, आणि मला वाटतं तो तसाच बघायचा. आम्ही सकाळी दहाला एकदा आणि साडेतीनला पुन्हा, असे दोनदा आत गेलो, एकाच दिवसात दोन वेगळी लेणी बघितल्यासारखं झालं. हे फक्त पूर्ण दिवस असला तरच जमतं.


आर्या_ॲबर्डीन :

नमस्कार, मी स्कॉटलंडमध्ये असते. दोन वर्षांपूर्वी ऑर्कनी बेटांवर गेले होते. तिथे मेसहोव म्हणून सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे. आत फक्त छोटा गट, ठरलेल्या वेळी, त्यांच्याच गाईडबरोबर. वाकून साधारण दहा मीटर बोळातून आत जायचं. हिवाळ्यात सर्वात लहान दिवसांच्या आसपास मावळतीचा सूर्य त्या बोळातून सरळ आतल्या भिंतीवर पडतो. भिंतींवर बाराव्या शतकात घुसलेल्या नॉर्स लोकांनी खरवडलेली अक्षरं आहेत.

माल्टाचं हायपोजियम त्याहून कडक. १९०२ मध्ये घरं बांधताना सापडलेलं जमिनीखालचं दफनस्थान. तासाला दहा माणसं, दिवसाला ऐंशी, बास. आपल्या श्वासाने आतला जुना लाल रंग खराब होतो म्हणून. तिकीट कित्येक आठवडे आधी काढावं लागतं.

घारापुरीला असं काही करता येईल का याचा विचार मी नेहमी करते. अख्खं लेणं नको, पण निदान सकाळचा पहिला तास छोट्या गटांना?


उरणची_मी :

आर्याताई, विचार चांगला आहे पण माणसं कमी केली तर पायऱ्यांवरच्या दुकानांचं काय? माझ्या वहिनीचं दुकान आहे. सकाळचा एक तास म्हणालात ते चालेल, उलट लवकर आलेली माणसं नाश्ता इथे करतील. महाशिवरात्रीला आजूबाजूच्या गावांतून लोक होड्यांनी येतात, त्यांनाही अडवू नका. आमच्यासाठी ते देऊळही आहे.


आर्या_ॲबर्डीन :

हो ताई, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मेसहोवच्या आसपास दुकानांवर जगणारी वस्ती नाही आणि तिथे कुणी पूजाही करत नाही. एक तासाचंच धरून चालू या.


मावळतीकडे :

बोटीच्या सुरक्षेबद्दल कुणी लिहील का? १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली, तेव्हापासून घरचे मला जाऊ देत नाहीयेत.


पायवाट :

भीती वाटणं साहजिक आहे, त्या दिवशी गेलेल्या माणसांची आठवण आमच्याही मनात होती. त्यानंतर लाईफ जॅकेट सक्तीचं झालंय. पण सक्ती असली तरी बघितलं ते सांगते, परतीच्या बोटीत लोक जॅकेट काढून मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या गाईडने आमच्या दहांची प्रत्येकाची पट्टी ओढून बघितली, जातानाही आणि येतानाही. तुम्ही एकटे गेलात तरी जॅकेट घाला, बकल लागतंय का बघा, लहान मुलांचं मापाचं मागून घ्या. बोट भरलेली वाटली तर पुढची घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, त्या दिवसांत हट्ट करू नका.


कातळ :

कुणीतरी मला व्यक्तिगत निरोपात विचारलं की मूर्ती पोर्तुगीजांनी फोडल्या हे खरं का, इथेच लिहितो. सैनिकांनी आत नेमबाजी केली असं पिढ्यानपिढ्या सांगतात आणि काही जखमा तशा दिसतातही. पण सगळं त्यांच्यावर टाकून चालत नाही. पावसाळ्यात जाऊन बघा, खडकातून पाणी पाझरतं, खांब खालून झिजतात, बरेच खांब नंतर बांधून काढलेत. आणि इंग्रजांनी १८७५ मध्ये युवराजाला, पुढचा सातवा एडवर्ड, या लेण्यात मेजवानी दिली होती. देवळात टेबलं मांडून. हेही सांगायला हवं.

दुसरा प्रश्न, घारापुरी ही जुनी राजधानी पुरी होती का. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कवी रविकीर्ती सांगतो की चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली पुरी जिंकली. ही पुरी म्हणजे घारापुरी असं काही विद्वान म्हणतात, काही जण जंजिऱ्याजवळची राजापुरी म्हणतात. मी घारापुरीकडे झुकतो. बोटीतून बेट जवळ येताना त्या नौका डोळ्यांपुढे येतात.


स्वप्ना_डोंबिवली :

धागा वर काढतेय कारण काल आईला घेऊन जाऊन आले! आम्ही आठ जण होतो, पायवाट ताईंनी निरोपातून कळवलेल्या गाईडबरोबरच गेलो. आई पायऱ्या डोलीतून, बाकी सगळं चालत.

ताई, कल्याणसुंदरच्या पटापाशी गाईडने विचारलं की पार्वती कुठल्या बाजूला उभी आहे आणि का. आम्ही सगळे फोन काढून शोधायला लागलो. आई म्हणाली, उजवीकडे, अजून लग्न लागायचंय ना, आणि आपल्याकडे सत्यनारायणालाही बायको उजवीकडेच बसते. मग जवळ जाऊन पार्वतीकडे बघत राहिली. खाली बसलेला ब्रह्मा भटजीचं काम करतोय, मागे बाप मुलीला पुढे करतोय, चंद्र कलश घेऊन उभा, हे सगळं तिने गाईडच्या आधी ओळखलं. गाईडने शेवटी तिलाच बाकीच्यांना सांगायला लावलं.

सारीपाटाच्या पटापाशी पण तेच, पार्वती रुसून मान फिरवून बसलीये हे लांबूनच म्हणाली.

परतीच्या बोटीत म्हणत होती की तुझ्या मावशीला आणू पुढच्या वेळी. उरणची_मी ताई, तुमच्या वहिनींच्या दुकानाचं नाव मला निरोपात कळवा, तेव्हा तिथे थांबू.


उरणची_मी :

कळवते हो. मावशींना कालवणात तिखट चालतं का तेही सांगा, वहिनी घरूनच डबा करून आणेल.